सतरा अक्षरांचा प्रश्न : इंग्रजी हायकू आणि नियमांची चौकट

अमेरिकेतील प्राथमिक शाळेत शिकलेल्या कोणालाही 'हायकू म्हणजे काय?' असे विचारले, तर उत्तर बहुधा एकच येते : तीन ओळी, पहिल्या ओळीत पाच अक्षरे, दुसरीत सात आणि तिसरीत पुन्हा पाच. मुले बोटांवर अक्षरे मोजतात, सतरा भरली की कविता पूर्ण होते. गंमत अशी, की इंग्रजीत गांभीर्याने हायकू लिहिणाऱ्या कवींपैकी बहुसंख्यांनी ही मोजणी केव्हाच सोडून दिली आहे. इंग्रजी हायकूला वाहिलेल्या नियतकालिकांचा कोणताही अंक उघडला, तर सतरा अक्षरांची रचना अपवादानेच सापडते. शाळेतला नियम एक आणि कवींचा व्यवहार दुसरा, अशी ही स्थिती आहे.

मग खरा हायकू कोणता? नियम पाळणारा की मोडणारा? वरवर हा प्रश्न केवळ छंदशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात एका भाषेतील काव्यप्रकार दुसऱ्या भाषेत नेताना त्याचे नेमके काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे. मराठीतही हायकू रुजलेला असल्याने तो आपल्यालाही परका नाही.

मूळ घडण

हायकू हा शब्द वाटतो तितका जुना नाही. मध्ययुगीन जपानमध्ये अनेक कवींनी मिळून गुंफायची 'रेंगा' ही साखळी-कविता प्रचलित होती. तिच्या पहिल्या कडव्याला 'होक्कू' म्हणत. मात्सुओ बाशो (१६४४-१६९४) याने या आरंभीच्या कडव्याला असे उंचीवर नेले, की ते स्वतंत्रपणेही वाचले जाऊ लागले. योसा बुसोन (१७१६-१७८४) आणि कोबायाशी इस्सा (१७६३-१८२८) यांनी ती परंपरा पुढे चालविली. होक्कूला साखळीपासून पूर्णपणे तोडून 'हायकू' हे नाव रूढ केले ते मासाओका शिकी (१८६७-१९०२) याने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पाश्चात्त्य चित्रकलेतील प्रत्यक्ष निसर्गावरून रेखाटन करण्याची पद्धत त्याने कवितेत आणली आणि तिला 'शासेई' म्हटले.

पारंपरिक हायकूची अंगे प्रामुख्याने तीन. पहिले, पाच-सात-पाच अशी लय. दुसरे, 'किगो' म्हणजे ऋतुसूचक शब्द. तिसरे, 'किरेजी' म्हणजे छेद देणारा शब्द. किगो केवळ ऋतूचे नाव नसतो. आपल्याकडे 'वळीव' म्हटले की वैशाखाची काहिली, दुपारनंतर दाटून आलेले आभाळ, धूळ आणि मातीचा वास हे सारे एका शब्दात येते, तसे किगोचे असते. अशा शब्दांचे 'साइजिकी' नावाचे कोश जपानी कवी जवळ बाळगतात. किरेजी हे 'या', 'काना', 'केरी' यांसारखे छोटे शब्द किंवा प्रत्यय होत. त्यांना नेमका कोशगत अर्थ नसतो. ते कवितेला मध्येच थांबवितात, दोन प्रतिमांमध्ये मोकळी जागा निर्माण करतात किंवा अखेरीस उद्गाराचा ठसा उमटवितात.

या तीन अंगांपैकी इंग्रजीत सर्वांत सहज पोहोचले ते पहिले, कारण आकडा शिकविणे सोपे असते. आणि गफलतही नेमकी तेथेच झाली.

'ओन' म्हणजे अक्षर नव्हे

जपानी कवी मोजतो ते 'ओन'. इंग्रजीत त्याचे भाषांतर अक्षर किंवा उच्चारावयव असे केले गेले. परंतु ओन हे अक्षरापेक्षा लहान माप आहे. मराठी वाचकाला ते समजणे इंग्रजी वाचकापेक्षा सोपे जावे, कारण आपल्याकडे मात्रावृत्ते आहेत. ऱ्हस्वाची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन, हा हिशेब आपण शाळेत शिकलेलो असतो. ओनचे नाते या मात्रेशी जवळचे आहे. जपानीत दीर्घ स्वराचे दोन ओन होतात, शब्दाच्या शेवटचा 'न्' स्वतंत्र ओन मोजला जातो आणि जोडव्यंजनाआधीचा क्षणभराचा थांबाही एक ओन धरला जातो.

काही उदाहरणे पाहू. 'तोक्यो' या शहराच्या नावात दोन्ही स्वर दीर्घ आहेत, म्हणून त्याचे ओन चार. 'निप्पोन' या देशनामाचे कानाला दोन अवयव ऐकू येतात, ओन मात्र चारच. खुद्द 'हायकू' हा शब्द इंग्रजीत दोन अक्षरांचा, जपानीत 'हा-इ-कु' असा तीन ओनचा. उलट बाजूनेही हे तपासता येते. 'ख्रिसमस' हा शब्द इंग्रजीत दोन अक्षरांचा आहे. जपानीत तो 'कुरिसुमासु' होतो आणि पाच ओन घेतो, म्हणजे हायकूची एक अख्खी ओळ. 'स्ट्रेंग्थ्स' हा इंग्रजी शब्द एकाच अक्षराचा, पण त्याच्या अवतीभवती व्यंजनांची इतकी गर्दी की जपानी उच्चारात त्याचे सहा ओन होतात.

याचा परिणाम सरळ आहे. सतरा ओनमध्ये जपानी भाषा जेवढे सांगते, त्यापेक्षा सतरा अक्षरांत इंग्रजी भाषा बरेच अधिक सांगते. 'होतोतोगिसू' या कोकिळकुळातील पक्ष्याचे नाव घेतले की जपानी कवीचे पाच ओन संपतात. इंग्रजीतील 'कक्कू' दोन अक्षरांत उडून जातो आणि कवीच्या हाती तीन अक्षरे उरतात. ती भरायची कशाने? बहुधा विशेषणाने. सतरा ओनचा ऐवज इंग्रजीत साधारण बारा अक्षरांत मावतो, असे भाषांतरकारांचा आणि कवींचा अनुभव सांगतो. त्यामुळे सतरा अक्षरांचा इंग्रजी हायकू वरकरणी नियमबद्ध असला, तरी मुळापेक्षा लांब आणि जड होतो. आकडा तोच राहतो, वजन बदलते.

शिवाय इंग्रजीची चाल मात्रेची नाही, आघाताची आहे. शेक्सपिअरच्या ओळीत कानाला जाणवते ती आघातांची आवर्तने. नुसती अक्षरसंख्या इंग्रजी कानाला जाणवतच नाही. ५-७-५ हा ताल जपानी माणसाच्या अंगात मुरलेला असतो. म्हणी, घोषवाक्ये, रस्त्यावरील सूचना यांतही तो डोकावतो. इंग्रजीत तो बोटांवर मोजल्याशिवाय कळत नाही.

तीन ओळींचेही तसेच. जपानीत हायकू बहुधा एकाच उभ्या ओळीत छापला जातो. तीन ओळी ही मुख्यतः भाषांतरकारांची सोय. नोबुयुकी युआसा यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाशोच्या प्रवासवर्णनाच्या इंग्रजी अनुवादात हायकूंसाठी चार ओळी वापरल्या, तर हिरोआकी सातो यांनी एकाच ओळीचा आग्रह धरला. सातो यांच्या १९८३ मधील 'वन हंड्रेड फ्रॉग्ज' या पुस्तकात बाशोच्या बेडकावरील एकाच हायकूची शंभराहून अधिक इंग्रजी रूपे एकत्र केलेली आहेत. मूळ एक आणि आकार शंभर, हे त्यातून लख्ख दिसते.

इंग्रजीतील वाटचाल

इंग्रजीला हायकूची ओळख झाली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. डब्ल्यू. जी. अॅस्टन यांचा जपानी साहित्याचा इतिहास १८९९ मध्ये आला. बेसिल हॉल चेंबरलेन यांनी १९०२ मध्ये बाशोवर विस्तृत निबंध लिहिला, पण हायकूला त्यांनी गणले ते चुटकेवजा सुभाषितात. योने नोगुची यांनी १९०४ मध्ये अमेरिकी कवींना हा प्रकार हाताळण्याचे आवाहन केले. एझरा पाउंड यांची पॅरिसच्या भुयारी रेल्वेस्थानकावरील प्रसिद्ध दोन ओळींची कविता १९१३ मध्ये छापली गेली. आधी तीस ओळींची असलेली ही कविता आपण कशी आटवीत नेली, हे त्यांनी पुढील वर्षी एका लेखात सांगितले. पाउंड यांनी होक्कूतून घेतले ते एका प्रतिमेवर दुसरी ठेवण्याचे तंत्र. अक्षरांच्या मोजणीत त्यांना रस नव्हता.

खरा प्रसार झाला दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो यांना इंग्रजी शिकविणारे आर. एच. ब्लायथ यांचे 'हायकू' हे चार खंड १९४९ ते १९५२ या काळात प्रसिद्ध झाले. ब्लायथ यांनी हायकूला झेन पंथाशी घट्ट बांधले. त्या दृष्टीचा प्रभाव पुढे दीर्घकाळ टिकला. केनेथ यासुदा यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात सतरा अक्षरांचा पुरस्कार केला. हॅरॉल्ड हेंडरसन यांचे 'अॅन इंट्रोडक्शन टू हायकू' १९५८ मध्ये आले. या दोघांनी भाषांतरांत पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचे यमकही जुळविले. मूळ जपानीत यमकाची प्रथा नाही. म्हणजे काटेकोरपणाचा आग्रह असलेल्या काळातही इंग्रजी हायकूत मुळात नसलेली एक गोष्ट बिनदिक्कत शिरली होती.

१९६३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील प्लॅटव्हिल येथून 'अमेरिकन हायकू' हे नियतकालिक सुरू झाले. १९६४ मध्ये जपान एअरलाइन्सने अमेरिकेत घेतलेल्या हायकू स्पर्धेला चाळीस हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. पहिला क्रमांक जेम्स हॅकेट यांना मिळाला. १९६८ मध्ये हेंडरसन आणि लिरॉय कँटरमन यांनी 'हायकू सोसायटी ऑफ अमेरिका' स्थापन केली. ब्रिटनमध्ये अशी संस्था १९९० मध्ये उभी राहिली.

दोन लेखक, दोन वाटा

काटेकोरपणा आणि सैलपणा यांची तुलना करायची, तर एकाच काळातील दोन अमेरिकी लेखकांकडे पाहावे.

रिचर्ड राईट हे 'नेटिव्ह सन' (१९४०) आणि 'ब्लॅक बॉय' (१९४५) या पुस्तकांमुळे जगभर पोहोचलेले कृष्णवर्णीय कादंबरीकार. वर्णद्वेषावर घणाघात करणारे त्यांचे गद्य ज्ञात आहे. आयुष्याच्या अखेरीस, पॅरिसमध्ये आजारी असताना, त्यांच्या हाती ब्लायथ यांचे खंड पडले. १९५९-६० मध्ये त्यांनी सुमारे चार हजार हायकू लिहिले आणि त्यांतून ८१७ निवडले. नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांचे निधन झाले. हा संग्रह पुस्तकरूपाने यायला १९९८ साल उजाडले. राईट यांनी ५-७-५ ची चौकट जवळजवळ सर्वत्र पाळली. आजारपणात रोज उठून मोजून-मापून तीन ओळी लिहिणे, हा त्यांच्यासाठी मन स्थिर ठेवण्याचा मार्ग झाला असावा, असे ते हायकू वाचताना वाटते.

जॅक केरुआक यांची रीत नेमकी उलटी. पाश्चात्त्य भाषांना जपानीची प्रवाही अक्षररचना पेलणारी नाही, म्हणून सतराचा हट्ट सोडून तीन छोट्या ओळींत साधेपणाने बरेच काही सांगावे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या या रचनांना ते 'पॉप्स' म्हणत. १९५८ च्या 'द धर्मा बम्स' या कादंबरीतून त्यांनी हायकू तरुण वाचकांपर्यंत नेला. १९५९ मध्ये अल कोन आणि झूट सिम्स या सॅक्सोफोनवादकांच्या साथीने त्यांनी आपले हायकू ध्वनिमुद्रितही केले. त्यांचा 'बुक ऑफ हायकूज' हा संग्रह २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

दोघांच्याही संग्रहांत उत्तम रचना आहेत आणि फसलेल्याही. राईट फसतात तेव्हा ओळ भरण्यासाठी घातलेला शब्द दिसतो. केरुआक फसतात तेव्हा टिपणवहीतील नुसती नोंद उरते. दोष वेगवेगळे असले, तरी ते आपापल्या पद्धतीतून आलेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सतराची पकड सुटली

साठच्या दशकापासून कवींनी मोजणी सोडायला सुरुवात केली. न्यू जर्सीतील कॅम्डन येथील निक व्हर्जिलिओ (१९२८-१९८९) यांची कमळावरील रचना १९६३ मध्ये 'अमेरिकन हायकू'त आली. तिच्यात जेमतेम अकरा अक्षरे आहेत आणि ती इंग्रजीतील सर्वाधिक ज्ञात हायकूंमध्ये गणली जाते. १९६७ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ व्हिएतनाम युद्धात मारला गेला. त्यानंतर व्हर्जिलिओ अनेक वर्षे त्या मृत्यूवर हायकू लिहीत राहिले. शोकाला शब्द जितके कमी तितके बरे, हे त्या रचनांवरून पटते. तेथे आकडा भरण्यासाठी घातलेला एखादा शब्दही खोटा वाटला असता.

कॉर व्हॅन डेन ह्यूवेल यांनी तर कोऱ्या पानाच्या मध्यभागी एकच शब्द छापून त्याला हायकू म्हटले. त्यावर वाद झाले, आजही होतात. मात्र त्यांनीच संपादित केलेल्या 'द हायकू अँथॉलॉजी'ने (१९७४) इंग्रजी हायकू अनुवादाच्या सावलीतून बाहेर आल्याचे दाखवून दिले. विल्यम हिगिन्सन यांनी १९८५ च्या 'द हायकू हँडबुक'मध्ये मध्यममार्ग सुचविला : अक्षरे मोजण्याऐवजी आघात मोजावेत; पहिल्या ओळीत दोन, दुसरीत तीन, तिसरीत दोन. इंग्रजीच्या प्रकृतीशी हे माप अधिक जुळते आणि जपानी लयीचा आखूड-लांब-आखूड आकारही टिकतो.

हायकू सोसायटी ऑफ अमेरिकेने १९७३ मध्ये केलेली व्याख्या २००४ मध्ये सुधारली. निसर्गाचा किंवा ऋतूचा अनुभव प्रतिमांच्या भाषेत मांडणारी आणि त्याला मानवी स्थितीशी जोडणारी छोटी कविता, असा तिचा आशय आहे. अक्षरसंख्येची अट तीत नाही.

जपान काय म्हणते?

इंग्रजीतील काटेकोरपणाचे पुरस्कर्ते जपानी परंपरेचा दाखला देतात. पण ती परंपरा त्यांना वाटते तितकी कडक नाही. ओन अधिक झाले तर 'जि-आमारी' आणि कमी पडले तर 'जि-ताराझू' अशा संज्ञाच जपानीत आहेत. वठलेल्या फांदीवरील कावळ्याच्या बाशोच्या विख्यात हायकूत मधल्या ओळीचे ओन आधी दहा होते. पुढे त्याने रचना सुधारली, तेव्हाही ते नऊ राहिले. सातावर आणण्याची गरज त्याला भासली नाही.

शिकीच्या पश्चात त्याच्या दोन शिष्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ताकाहामा क्योशी (१८७४-१९५९) याने ५-७-५ आणि ऋतुशब्द हे अनिवार्य मानले. कावाहिगाशी हेकिगोतो (१८७३-१९३७) मुक्त रचनेकडे वळला. मुक्त हायकूच्या प्रवाहातून ओझाकी होसाई आणि भटका भिक्षू तानेदा सान्तोका (१८८२-१९४०) हे कवी पुढे आले. आज जपानमध्ये बहुसंख्य कवी क्योशीच्या वाटेने जातात, पण सान्तोकालाही मोठा वाचकवर्ग आहे.

१९९९ मध्ये शिकीच्या जन्मगावी, मात्सुयामा येथे, जपानी कवी आणि अभ्यासकांनी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. ५-७-५ ही लय जपानी भाषेची आहे, ती अन्य भाषांवर लादण्यात अर्थ नाही आणि प्रत्येक संस्कृतीने आपापले सूचक शब्द शोधावेत, असा त्याचा सूर आहे. १९८९ पासून एक जपानी चहा कंपनी घेत असलेल्या हायकू स्पर्धेतील निवडक रचना चहाच्या बाटल्यांवर छापल्या जातात. या स्पर्धेतही ऋतुशब्दाची सक्ती नाही.

नियमाच्या बाजूने

तरीही ५-७-५ ची बाजू अगदीच लंगडी नाही. सुनीत इटालियनमधून इंग्रजीत आले, गझल फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत आली. प्रत्येक वेळी भाषेचा स्वभाव वेगळा होता, तरी चौकट जमेल तेवढी पाळली गेली आणि तिच्याशी झगडतानाच चांगली कविता निघाली. चौकटीमुळे पहिला सुचलेला शब्द टाकून दुसरा शोधावा लागतो आणि कित्येकदा तो दुसरा शब्दच नेमका ठरतो. आयरिश कवी पॉल मल्डून यांनी तर सतरा अक्षरांवर यमकाचीही भर घालून हायकूमालिका लिहिली. शिवाय मोजणी हे नवशिक्याच्या हाती असलेले एकमेव निश्चित साधन आहे. तेही काढून घेतले, तर कोणतेही वाक्य तीन ठिकाणी मोडून हायकू म्हणून खपविता येते.

हे म्हणणे तपासण्यासाठी मराठीतच एक छोटा प्रयोग करून पाहू. पुढील ओळी केवळ या लेखापुरत्या रचल्या आहेत. काव्य म्हणून त्यांचा दावा नाही. पहिली रचना ५-७-५ अक्षरांची :

ओल्या पहाटे
निर्जन त्या फलाटी
एकच छत्री

आकडा बरोबर आहे, पण 'त्या' हा शब्द निव्वळ भरतीचा. 'एकच'मधील 'च' तसाच. 'निर्जन' तर घात करतो, कारण फलाटावर कोणी नाही हे छत्रीनेच सांगायला हवे होते. आता मोजणी सोडू :

पाऊस थांबला
फलाटावर
छत्री

हे अधिक मोकळे झाले. परंतु आता छत्री कोणाची, ती का राहिली, याची चाहूलही लागत नाही. चित्र आहे, पण ते पुढे सरकत नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा चौकटीत येऊ :

पाऊस थांबे
शेवटची लोकल
बाकाशी छत्री

मधल्या सात अक्षरांची जागा भरताना 'शेवटची लोकल' सापडली आणि धावत गाडी पकडणारा, छत्री विसरलेला माणूस न सांगता उभा राहिला. मोजणीने शोधायला लावले, ते असे. मात्र किंमतही द्यावी लागली. 'थांबला' या बोलीतल्या क्रियापदाचे 'थांबे' करावे लागले. तिन्ही ओळी सुट्या पडल्या, ते वेगळेच. कविता असे तीन तुकडे होऊन पडणे हा जपानीत 'सान्दान-गिरे' नावाचा दोष मानला जातो. म्हणजे या रचनेवर अजून काम करायला हवे.

चौकट शोध घ्यायला लावते आणि भरतीही करायला लावते. दोहोंतला फरक आकड्याला कळत नाही, तो लिहिणाऱ्यालाच ओळखावा लागतो.

मोजणी सुटल्यावर उरते काय?

मोजणी सोडणाऱ्या कवींनी सर्वच नियम सोडले, असे नाही. उलट आकड्याची जागा अन्य शिस्तीने घेतली. त्यांत सर्वांत महत्त्वाचा तो छेद. इंग्रजीत किरेजी नाही, म्हणून ते काम संयोगचिन्ह, टिंबे किंवा नुसती ओळ तोडून केले जाते. जेन राइशहोल्ड (१९३७-२०१६) यांनी ते सोपे करून सांगितले : एक ओळ सुटी प्रतिमा आणि उरलेल्या दोन ओळी मिळून एक वाक्यखंड. या दोहोंतील अंतरात वाचकाला प्रवेश मिळतो. त्याशिवाय वर्तमानकाळ, ठोस नामे, कमीत कमी विशेषणे, उपमा टाळणे आणि भावनेचे नाव न घेणे, हे संकेत आता जवळपास सर्वमान्य आहेत. ऋतुशब्दांसाठी हिगिन्सन यांनी १९९६ मध्ये 'हायकू वर्ल्ड' हा आंतरराष्ट्रीय ऋतुकोश तयार केला.

परंतु या नव्या शिस्तीचेही साचे बनतात. एका ओळीत ऋतू, दोन ओळींत घरगुती दृश्य, मध्ये संयोगचिन्ह, अशा एकसारख्या रचनांचा सुकाळ झाला आहे. कोलंबिया विद्यापीठातील जपानी साहित्याचे अभ्यासक हारुओ शिराने यांनी २००० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात 'हायकू म्हणजे प्रत्यक्ष अनुभवलेला क्षणच' या समजुतीवर बोट ठेवले. बुसोनचा एक प्रसिद्ध हायकू दिवंगत पत्नीच्या फणीवर पाय पडल्याविषयी आहे. तो लिहिला तेव्हा पत्नी हयात होती आणि ती बुसोनच्या मागेही जगली. कल्पना, इतिहास, पूर्वसूरींच्या ओळींचे स्मरण, हे सारे जपानी हायकूत आहे. इंग्रजीने अक्षरांचा हट्ट सोडला खरा, पण क्षणाचा हट्ट धरला, असा या टीकेचा मथितार्थ.

मराठीशी नाते

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय शिरीष पै (१९२९-२०१७) यांच्याकडे जाते. आचार्य अत्रे यांच्या या कन्येने हायकूची तीन ओळींची चौकट स्वीकारली. ५-७-५ ची मोजणी मात्र अनिवार्य मानली नाही. अनेकदा त्यांच्या दोन ओळींत यमक येते. मराठी कानाची ती मागणी असावी. हिंदीत मात्र ५-७-५ अक्षरे मोजून लिहिण्याचा प्रघात बळकट आहे आणि मराठीतही तसे लिहिणारे कवी आहेत. इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीयांमध्ये कला रमेश यांचे नाव ठळक आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या विद्यार्थ्यांना त्यांनी हायकू शिकविला.

मराठीतील मोजणीचा पेच आणखी निराळा आहे. 'फलाट' या शब्दात लिखित अक्षरे तीन, उच्चारात अवयव दोन आणि मात्रा मोजल्या तर चार. ओवी आणि अभंगाची परंपरा अक्षरे मोजते, जपानी ओन मात्रेच्या जवळ जातो. मग मराठी हायकूने पाच म्हणजे पाच काय मोजावे? इंग्रजीला पडलेला प्रश्न आपल्यापुढे अधिक गुंतागुंतीच्या रूपात उभा आहे.

लिहिणाऱ्याने काय करावे?

इंग्रजीत वा अन्य भाषेत नव्याने हायकू लिहिणाऱ्याला शंभर वर्षांच्या या अनुभवातून काही व्यवहार्य सूत्रे मिळतात. रचना कोठे पाठवायची ते आधी पाहावे : काही स्पर्धा आजही ५-७-५ मागतात, तर नियतकालिकांना बहुधा त्याहून आखूड रचना भावते. सुरुवातीचे काही महिने मोजून लिहिण्यास हरकत नाही. मात्र रचना पूर्ण झाली की प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारावे, की हा शब्द अर्थासाठी आला की आकड्यासाठी? आकड्यासाठी आलेला शब्द काढावा आणि त्यामुळे संख्या चुकली तर चुकू द्यावी. मोठ्याने वाचावे. छेद कोठे आहे, तो आहे का, हे पाहावे. आणि सतरा अक्षरांत सहज बसलेली रचना केवळ फॅशन म्हणून कापू नये.

शाळांमधील मोजणी इतक्यात बंद होईल, अशी चिन्हे नाहीत. ती व्हावीच असेही नाही. बोटांवर अक्षरे मोजणारे मूल निदान शब्दाकडे थांबून पाहते. अडचण एवढीच, की सतरा भरल्यावर त्याला कोणी 'झाले' असे सांगते. बाशोने कावळ्याच्या त्या हायकूला पुन्हा हात घातला तो आकडा जुळविण्यासाठी नव्हे. दहाचे नऊ करून तो थांबला, हे त्या मुलाला सांगण्याजोगे आहे.